घरी जोडलेली एमजीबी गरम झाली की बंद पडते, गार झाली की चालू होते: समस्या निवारण

एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तक्रार अशी असते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते. दहा-पंधरा किलोमीटर झकास पळते. मग वाघबीळवरून पन्हाळ्याच्या चढाला लागल्यावर, कोल्हापुरात कावळा नाक्याच्या गर्दीत, किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना बंद पडते. कितीही सेल्फ मारला तरी दाद देत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास ठेवली की निमूट चालू होते आणि घरापर्यंत येते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

पूर्ण सुटी करून, बॉडी रंगवून, पुन्हा जोडलेल्या गाड्यांत हे दुखणं फार नेहमीचं आहे. मालक आधी कॉइल बदलतो, मग पेट्रोल पंप, मग दोन्ही कार्ब्युरेटरची किट. पैसे जातात, दुखणं राहतं. याचं कारण असं की नव्याने जोडलेल्या गाडीत बहुतेक वेळा पार्ट खराब झालेला नसतोच. जोडताना एखादी वस्तू राहून गेलेली असते, एखादी जागा रंगाखाली गेलेली असते, किंवा दिसायला तसाच पण भलत्या जातीचा पार्ट बसलेला असतो. हा दोष बंद पडल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच मिनिटांतच पकडता येतो. गाडी टो करून गॅरेजला आणेपर्यंत सगळं गार झालेलं असतं आणि प्रत्येक पार्ट तपासणीत पास होतो. म्हणून आधी पार्ट घेणं थांबवा आणि रस्त्यावर, बंद पडल्या जागी मोजमाप घ्यायची तयारी करा.

पुढची मापं एमजीबीची आहेत (१९६२ ते १९८०), १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर असलेल्या गाडीची. आपल्या अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे ज्या फिटरने अँबेसेडरची इंजिनं उघडली आहेत त्याला यातलं काही परकं वाटणार नाही. एमजीए किंवा मिजेट (एमजीच्याच दुसऱ्या गाड्या) असेल तर आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. शोधायची पद्धत तीच.

गाडीत काय ठेवायचं

बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिपा असलेला. साधा मल्टिमीटर. चांगला असल्याची खात्री असलेला एक कंडेन्सर, त्याच्या वायरला आणि बॉडीला मगर क्लिप लावून. एक जादा प्लग, मीटरभर पेट्रोलची नळी, लिटरची बाटली, फडकं, पाण्याची बाटली, हातमोजे. आणि अग्निशामक सिलिंडर. गरम मॅनिफोल्डशेजारी पेट्रोलची नळी सोडवायची वेळ येणार आहे, तेव्हा सिलिंडर डिकीत पुरलेला नको, हाताशी हवा.

बंद पडते त्या क्षणीच काय बघायचं

सगळ्यात मोलाची खूण गाडी अजून घरंगळत असतानाच मिळते आणि बहुतेक जण ती घालवतात. इंजिन गेलं की लगेच क्लच दाबू नका. मागचा रस्ता मोकळा असेल तर गिअर तसाच ठेवून आरपीएमच्या काट्याकडे बघा. चाकं इंजिनाला फिरवत असतात. तरीही काटा पटकन शून्यावर आला, तर कॉइलला करंट मिळत नाही किंवा पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) त्याची उघडझाप करत नाहीत. दोष कॉइलच्या कमी दाबाच्या बाजूला आहे. काटा वेगाच्या प्रमाणात हळूहळू उतरत राहिला, तर ती बाजू ठीक आहे. मग उरतात रोटर-कॅप-जाड वायर (कॉइलची ठिणगी प्लगपर्यंत पोचवणारे भाग) आणि पेट्रोल. या एका खुणेने अर्धं काम होतं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. जोडणीच्या वेळी गाडी निगेटिव्ह अर्थ केली असेल आणि मीटरच्या आतलं कनेक्शन बदललं नसेल, तर आरपीएमचा काटा कामच करणार नाही. आधी तो नीट करून घ्या, मग ही खूण वापरा.

दुसरी खूण बंद पडण्याच्या ढंगाची. किल्ली फिरवल्यासारखी झटक्यात गेली तर बहुधा वीज. आधी पिकअप गेला, गाडी खोकली, ॲक्सिलरेटर सोडल्यावर थोडी सावरली आणि मग गेली तर बहुधा पेट्रोल.

तिसरी खूण कानाने घ्यायची. सेल्फ न मारता किल्ली ऑन करा आणि मागच्या उजव्या चाकाच्या बाजूला एसयू पंपाचा आवाज ऐका. चार-सहा वेळा टकटक होऊन थांबला, तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवायच्या वाट्या) भरले. थांबतच नाही, घाईघाईने टकटकत राहिला, तर तो पेट्रोलऐवजी हवा किंवा वाफ ओढतोय. आवाजच नाही याचे तीन अर्थ होतात: चेंबर आधीच भरलेले आहेत, पंप अडकलाय, किंवा पंपाला करंट नाही. पंपाच्या टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावला की करंटचा प्रश्न मिटतो.

पंपालाही करंट नाही आणि कॉइललाही नाही, असं दिसलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही. लुकास कंपनीच्या (एमजीबीच्या) वायरिंगमध्ये पांढरी वायर म्हणजे किल्लीनंतरचा, फ्यूज नसलेला करंट, आणि ती दोघांनाही जाते. दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा पांढऱ्या वायरीच्या बुलेट कनेक्टरमध्ये आहे. जुने कनेक्टर माळ्यावर दोन-चार पावसाळे काढून आलेले असतात; आतली पितळी नळी काळी पडते, करंट गेल्यावर तापते आणि पकड सोडते. घासत बसू नका, नवीन लावा.

वीज: कॉइलपासून प्लगपर्यंत

चार तपासण्या, याच क्रमाने. बंद पडल्यापासून पाच मिनिटांत आटोपतात.

पहिली: कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर (जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू लिहिलेलं असतं) टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक इंजिनाच्या ब्लॉकला. लख्ख पेटला पाहिजे. इथे मल्टिमीटर वापरू नका. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. दिवा मात्र मंद पेटून खरं सांगतो. बॅलास्ट वायर (कॉइलचा करंट कमी करणारी रोधक वायर) असलेल्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना दिवा थोडा मंद दिसणारच.

दुसरी: लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलवर (सीबी) लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या आतली वायर तुटली आहे. सतत विझलेला राहिला तर कॉइलवरची पांढरी-काळी वायर सोडवा. आता पेटला तर डिस्ट्रिब्यूटरमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये शॉर्ट आहे. तरीही विझलेलाच, तर कॉइलची आतली गुंडाळी गरम होऊन तुटली आहे. हा कॉइलचा खरा बिघाड आणि नवीन कॉइल घ्यायचं सबळ कारण.

तिसरी: कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढा, जादा प्लगला जोडा, प्लगची बॉडी ब्लॉकला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी आणि खमकी हवी. पिवळी, बारीक, अधूनमधून येणारी ठिणगी दिसली तर कंडेन्सर बदलून बघा: जुन्याची वायर सोडवायची, आपल्या कंडेन्सरची क्लिप सीबी टर्मिनलला आणि बॉडी इंजिनाला. जुना न काढता नवा शेजारी जोडला आणि जुना आतून शॉर्ट असेल तर काहीच फरक पडत नाही आणि निष्कर्ष चुकतो. कंडेन्सरचं माप ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड. अलीकडे मिळणाऱ्या कंडेन्सरपैकी बरेच गार असताना बरोबर माप दाखवतात आणि तापल्यावर कोलमडतात. अँबेसेडरसाठीचा चांगल्या कंपनीचा कंडेन्सर कॉइलजवळ बाहेरच्या बाजूला कायमचा लावला तरी चालतो. वायर आखूड ठेवा आणि बॉडीखालचा रंग खरवडून घ्या.

चौथी: कॉइलच्या वायरीला ठिणगी आहे पण प्लगला नाही. मग रोटर. कॅप काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा. धरायला इन्सुलेट केलेला पक्कड वापरा, हात नको. किल्ली ऑन करून मिटलेले पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने झटकन उघडा. ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर रोटर आतून दांड्याकडे गळतोय. चांगल्या रोटरवर ठिणगीला जायला जागाच नसते. पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेले स्वस्त रोटर इथेच फसतात: रिव्हेटचं बूड दांड्याच्या फार जवळ येतं आणि प्लॅस्टिक तापलं की ठिणगी तिथूनच निसटते. बिनरिव्हेटचा रोटर घ्या.

या चारही तपासण्यांत सापडत नाही अशी एक गोष्ट डिस्ट्रिब्यूटरच्या आत आहे. पॉइंटची प्लेट व्हॅक्यूमने पुढे-मागे सरकते, म्हणून तिला आणि बाहेरून येणाऱ्या वायरीला लवचीक, वेणीसारखी विणलेली तार असते. एक प्लेटपासून डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीला, दुसरी टर्मिनलपासून पॉइंटला. साफसफाईच्या वेळी बॉडीची छोटी तार तुटून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग अर्थिंग प्लेटच्या सरकत्या सांध्यातून, ग्रीसमधून जातं. दुसरीच्या जागी कोणी साधी जाड वायर लावतं, ती सरकताना आतल्या आत तुटते आणि वरचं आवरण शाबूत दिसतं. कॅप काढून व्हॅक्यूमच्या नळीला तोंडाने ओढा, प्लेट सरकवत मल्टिमीटरने सीबी वायर ते मिटलेले पॉइंट ते इंजिन ब्लॉक हा मार्ग मोजा. आकडा हलायला नको. पॉइंटचं अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी.

आता कॉइलची जात. साध्या बारा व्होल्टच्या कॉइलची गुंडाळी तीन ओहमच्या आसपास असते. १९७४ नंतरच्या रबरी बंपरच्या गाड्यांत बॅलास्ट वायर आहे आणि कॉइल दीड ओहमची. जुन्या वायरिंगवर दीड ओहमची कॉइल बसवली तर चारऐवजी जवळपास आठ अँपिअर ओढले जातात. कॉइल भाजते, पॉइंट निळे पडतात आणि वीस मिनिटांत गाडी गप्प. उलट, बॅलास्टच्या वायरिंगवर तीन ओहमची कॉइल बसली तर ठिणगी सुरुवातीपासूनच दुबळी. दोन्ही वायरी सोडवून मीटरने मोजा, कॉइलवरच्या लेबलावर जाऊ नका. नुसता हात लावून कॉइल गेली असं ठरवू नका. चांगली कॉइलही चालताना चांगलीच तापते. पॉझिटिव्हची निगेटिव्ह अर्थ केली असेल तर कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केलीय का तेही बघा. उलट्या जोडलेल्या कॉइलला तीच ठिणगी पाडायला जास्त दाब लागतो आणि आधीच काठावर असलेली व्यवस्था गरम झाल्यावर हार मानते.

रंगाखाली गेलेलं अर्थिंग

याला वेगळी जागा द्यावी लागते. रंग किंवा पावडर कोटिंग झालेल्या बॉडीत अर्थिंगच्या प्रत्येक जागी आता इन्सुलेशनचा थर आहे. इंजिन रबरावर बसतं, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत विणलेला तांब्याचा पट्टा असतो. सुट्या केलेल्या गाडीत हा पट्टा हमखास हरवतो, कारण तो कोणत्याच डब्यात शोभत नाही. तो नसला तरी गाडी चालू होते: सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, ऑइल प्रेशरच्या तांब्याच्या नळीतून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची केबल हाताला गरम लागली तर दुसरा पुरावा नको.

मोजायचं असं. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंट्यावर (वायरीच्या चिमट्यावर नव्हे, खुद्द खुंट्यावर), दुसरं इंजिन ब्लॉकवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मग दिवे लावून, सेल्फ न मारता, ब्लॉक आणि बॉडीच्या मध्ये मोजा, इथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. एमजीबीची बॅटरी सीटच्या मागे असते, त्यामुळे तिथला अर्थिंगचा बोल्टही तपासा. प्रत्येक जागी नाण्याएवढा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा रंग. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा उघडा पत्रा आठवड्यात लाल करते, म्हणून हे शेवटचं टाळू नका.

पेट्रोल: वाफ की कचरा?

दोन्हींचं लक्षण सारखंच, उपाय अगदी वेगळे. म्हणून आधी फरक.

गाडी खोकत बंद पडली की प्रथम टाकीचं झाकण उघडा. सुस्स आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकण श्वास घेत नाही. जुन्या गाड्यांना हवेचं भोक असलेलं झाकण लागतं. नवीन चकचकीत झाकण बरेचदा बिनभोकाचं येतं. किंवा भोक रंगाने बुजलेलं असतं.

झाकणाने फरक पडला नाही तर फडकं ओलं करून फ्लोट चेंबरवर आणि रबरी नळीवर गुंडाळा. गरम मॅनिफोल्डवर पाणी ओतू नका, बीडाला तडा जातो. दोन-तीन मिनिटांत गाडी उठली तर दुखणं वाफेचं. ओल्या फडक्याचा काही परिणाम नाही, पण नुसती दहा मिनिटं उभी राहिल्यावर उठते, तर टाकीकडे चला.

टाकीतला गंज, किंवा आतून लावलेल्या सीलरचे पापुद्रे, पेट्रोल ओढताना जाळीवर येऊन चिकटतात. गाडी थांबली, ओढ थांबली, कचरा खाली बसला, पुन्हा वाट मोकळी. मालकाला वाटतं गाडी गार झाली म्हणून चालू झाली. ओळखायची खूण: डिसेंबरच्या पहाटेही तेवढ्याच अंतरावर बंद पडते, आणि हळू चालवली तर अंतर वाढतं. बाटलीची तपासणी करा. कार्ब्युरेटरची नळी सोडवून, जोडनळीने इंजिनापासून दूर बाटलीत सोडा आणि किल्ली ऑन करा. मिनिटाला निदान अर्धा लिटर यायला हवं. चांगला एसयू पंप लिटरच्या आसपास देतो. धार सुरुवातीला जोरात आणि मग बारीक झाली, तर जाळी किंवा नळी. बुडबुडे येत असतील तर पंपाच्या मागच्या, ओढणाऱ्या बाजूचा एखादा सांधा हवा घेतोय. तिथून पेट्रोल गळत नाही, म्हणून तो दिसत नाही. ओढणाऱ्या बाजूला जादा फिल्टर लावला असेल तर काढा. फिल्टर पंपानंतर, आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब.

रबरी नळीही तपासा. इथेनॉल न सोसणाऱ्या रबराचा आतला थर सुटून झडपेसारखा फडफडतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. सगळ्या नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या घ्या.

आता वाफ. आपल्याकडे पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. एमजीबी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. पेट्रोलचा हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळायला लागतो, मे महिन्यात बॉनेटखालची हवा त्याच्या कितीतरी वर असते. मूळ गाडीत यासाठी तीन गोष्टी होत्या आणि जोडताना त्याच राहतात.

एक, मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटरच्या मधला जाड फेनोलिक (उष्णता अडवणाऱ्या, बेकेलाइटसारख्या पदार्थाचा) ठोकळा. डब्यात तो फुटका निघतो आणि कोणीतरी नुसतं कागदी पॅकिंग घालून कार्ब्युरेटर बसवतं. क्रम असा: मॅनिफोल्ड, पॅकिंग, ठोकळा, पॅकिंग, हीट शील्ड, पॅकिंग, कार्ब्युरेटर. ठोकळा मिळत नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाड हायलम (त्याच जातीच्या) शीटमधून कापून घेता येतो. दोन्ही बाजू सपाट आणि समांतर हव्यात, भोक मॅनिफोल्डच्या भोकाशी तंतोतंत जुळलेलं हवं, कड आत डोकावायला नको. ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेऊ नका. तो उष्णता अडवायच्या ऐवजी पोचवतो.

दोन, हीट शील्ड. नुसता पत्रा पुरेसा नाही. सायलेन्सरच्या बाजूला त्याला उष्णतारोधक थर होता, जो वाळूचा मारा करताना उडून जातो. फॉइल चढवलेलं सिरॅमिक फायबरचं कापड रिव्हेटने लावा.

तीन, नळीची वाट. मूळ नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, क्लिपांनी धरलेली होती. नव्या नळीला क्लिपा नसतील तर ती लोंबून गरम पाइपाजवळ जाते. निदान चार बोटं अंतर ठेवा.

हे तिन्ही केल्यावर मिक्स्चर बघा. इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानाने जास्त पेट्रोल लागतं, म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी कोरडी चालते आणि जास्त तापते. दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट नट (मिक्स्चर ठरवणारे खालचे नट) एक-दोन फ्लॅट, म्हणजे सहा बाजूंपैकी एक-दोन बाजू, खाली घ्या, मग पिस्टन उचलायच्या पिनने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. वेग क्षणभर किंचित वाढून सावरला तर बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. पडला तर कमी. फ्लोटचं माप आधी: झाकण उलटं धरून फ्लोटच्या पट्टीखाली ३ ते ५ मिमीची सळई जेमतेम जावी.

पेट्रोल भरायला थांबलात आणि दहा मिनिटांनी सेल्फवर त्रास दिला, पण चालू झाल्यावर नीट चालली, तर तो या दोषाचा भाग नाही. इंजिन बंद केल्यावर चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं. चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी इथेनॉलसकट तळाला बसतं. टाकी काठोकाठ भरा किंवा रिकामी करा.

खरोखरच इंजिन तापत असेल तर

तापमानाचा काटा एनच्या (नॉर्मलच्या) पुढे जात असेल तर आधी काटा खरा आहे का बघा: इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या डोक्यावर धरा. थर्मोस्टॅट काढून टाकू नका. उष्ण प्रदेशासाठी ७४ अंशांचा होता, तो घाला. बसवण्याआधी पातेल्यात थर्मामीटरसह उकळून उघडतो का बघा.

ब्लॉकच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाला पाणी काढायचा कॉक आहे. तो उघडल्यावर पाणी आलं नाही, तर आत गाळ घट्ट बसलाय आणि रेडिएटर कितीही साफ केला तरी चौथं सिलिंडर भाजत राहणार. तारेने खरवडून, उलट्या दिशेने पाणी सोडून काढा. पुन्हा भरताना बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, साडेपाच लिटरच्या आसपास बसतं. गाडीचं तोंड उंचावर ठेवून भरा, नाहीतर हेडच्या मागे हवा अडकते.

पंखा उलटा बसलाय का बघा. उलटा पंखाही हवा त्याच दिशेला ढकलतो, म्हणून कोणाला संशय येत नाही, पण हवा बरीच कमी जाते. पात्याची फुगीर बाजू रेडिएटरकडे, खोलगट बाजू इंजिनाकडे.

टायमिंग मागे असेल तर उष्णता सायलेन्सरमध्ये जाते आणि तिथून कार्ब्युरेटरला. सुरुवातीच्या इंजिनांचं स्थिर टायमिंग पिस्टन वरच्या बिंदूला पोचण्याच्या १० अंश आधी. नंतरच्या इंजिनांचं नंबर बघून ठरवा. १९६४ च्या अखेरीनंतरच्या पाच बेअरिंगच्या इंजिनाच्या पुलीत रबराची कडी आहे. ती म्हातारी झाली की बाहेरची रिंग सरकते आणि खूण खोटं बोलते. पहिल्या प्लगच्या भोकातून पिस्टन अडवून, दोन्ही बाजूंनी मोजून खरा वरचा बिंदू काढा आणि नवी खूण करा.

सेल्फच जड जात असेल तर

बंद पडल्यावर सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर हा भाग सोडा. जड जात असेल तर प्लग काढून, पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरवा. तरीही जड, तर नव्या बोअरमध्ये पिस्टन गरम होऊन धरतोय. बोअरिंग करून घेताना पिस्टन सोबत देऊन, पिस्टनच्या कंपनीने दिलेल्या फटीप्रमाणे होनिंग करून घ्यायला हवं. अशा इंजिनाला पुढे रेटू नका, उघडा.

सहज फिरतं पण जोर नाही, तर टॅपेट. हेड ५० पाउंड-फूट (६८ न्यूटन-मीटर) ला आवळल्यानंतर पाचशे किलोमीटरनी पुन्हा आवळायचं असतं आणि त्याने टॅपेटची फट कमी होते. गार इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. नऊचा नियम वापरा, म्हणजे दोन्ही नंबरांची बेरीज नऊ: पहिला वॉल्व पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा सेट करायचा, तिसरा उघडा तेव्हा सहावा.

आणि गाडी ओढत नाही म्हणून बंद पडते असं वाटलं, तर चारही चाकांना हात लावून बघा. एखादं भाजत असेल तर ब्रेक सुटत नाहीये. मास्टर सिलिंडरच्या दांड्याला मोकळीक नसली की तेल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातात.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. मग दोष मुद्दाम काढायचा प्रयत्न करा: दुपारी, ऊन असताना, गावात अर्धा तास गर्दीत चालवायची, बॉनेट न उघडता दहा मिनिटं बंद करून ठेवायची, आणि लगेच शिवाजी पुलावरून वाघबीळ, तिथून न थांबता पन्हाळा. शहरापासून सुमारे चारशे मीटरचा चढ आहे. दोन वेगवेगळ्या दुपारी गाडी न खोकता वर गेली तरच पुढचा पार्ट घ्यायचा विचार सोडा. गर्दीत ठीक पण चढावरच खोकली, तर पेट्रोलच्या भागात बाटलीच्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करा. चढावर ठीक पण गर्दीत गेली, तर हीट शील्ड आणि ठोकळ्यापासून.